दार मुंबईचं, उंबरा नळदुर्गचा

घरात भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या काकूंना, ओसरीवर बसून ऐकणाऱ्या आज्ज्यांना आणि खुरपायला जाताना मोबाईल कानाशी धरून ऐकणाऱ्या सगळ्या जणींना आमचा नमस्कार.

आज आपण मुंबईला जाणार आहोत, समुद्राच्या काठावर उभ्या असलेल्या गेटवे ऑफ इंडियाजवळ. पण बोलणं तिथंच थांबणार नाही. मुंबईच्या त्या दारात आम्हाला जो प्रश्न पडला, त्याचं उत्तर शोधायला आम्हाला परत आपल्या जिल्ह्यात यावं लागलं. ती गोष्ट आज सांगायची आहे.

मुंबईला वांद्र्याला महालक्ष्मी सरस नावाचं बचत गटांच्या मालाचं प्रदर्शन भरतं, हे तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत आहे. आपल्या प्रभागसंघाच्या आम्ही अकरा जणी तिथं गेलो होतो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, खव्याचे पेढे, तूर आणि उडदाची डाळ, कवड्यांच्या माळा असा माल नेला होता. माल चांगला खपला. शेवटच्या दिवशी हिशेब झाला, खोकी बांधली. रात्रीच्या लातूर एक्सप्रेसची तिकिटं होती आणि अख्खा दिवस हातात होता. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आज्जी म्हणाल्या, "हितवर आलोय तर ते समुद्रावरचं दार तरी बघून जाऊ. टीव्हीत लई बघितलंय."

लोकलनं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आलो, सामान ठेवायच्या खोलीत बोचकी दिली आणि बसनं निघालो. गेटवेजवळ पोलिसांनी पिशव्या तपासल्या. आमच्या एकीच्या पिशवीत उरलेली चटणी होती. ती बघून पोलीस ताई हसल्या आणि म्हणाल्या, "सोलापूरकडच्या का तुम्ही?" आम्ही म्हणालो, "धाराशिवच्या."

पुढं गेलो तर समोर ती कमान. पिवळसर दगडाची, चार कोपऱ्यांवर चार मनोरे, मध्ये घुमट, आणि पलीकडं पाणीच पाणी. आम्ही सगळ्या गप्प उभ्या राहिलो. मग आज्जींनी मान वर करून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "काय बाई हे. एवढं मोठं दार, अन् कवाडच न्हाई!"

सगळ्या हसल्या. पण विचार केला तर आज्जींचं बोलणं खरं होतं. गेटवे हे किल्ल्याचं दार नाही. त्याला बंद करायला कवाड नाही, कडी नाही, दिंडी नाही. कुणाला अडवण्यासाठी ते बांधलंच नव्हतं. एका पाहुण्याचं कौतुक करायला ते बांधलं होतं. तो पाहुणा म्हणजे इंग्लंडचा राजा.

गोष्ट अशी आहे. २ डिसेंबर १९११ या दिवशी राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी जहाजातून मुंबईला उतरले. गादीवर असलेला इंग्लंडचा राजा हिंदुस्थानात यायची ती पहिलीच वेळ. पुढं १२ डिसेंबरला दिल्लीत त्यांचा मोठा दरबार भरला आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा त्याच दरबारात झाली. मुंबईत ते जिथं उतरले, ती जागा म्हणजे अपोलो बंदर. मराठी माणसं त्याला पालवा बंदर म्हणत. मुळात हा कोळी लोकांचा मासेमारीचा काठ. पुढं इंग्रजांनी तिथं धक्का बांधून घेतला आणि मोठमोठे साहेब, गव्हर्नर, व्हाइसरॉय तिथं उतरू लागले.

आता गंमत ऐका. ज्या राजासाठी ही कमान, त्यानं येताना ती बघितलीच नाही. तो उतरला तेव्हा तिथं पुठ्ठ्याची कमान उभी केली होती. आपण लग्नात थर्माकोलची करतो तशीच समजा. दगडाच्या कमानीची पायाभरणी झाली ३१ मार्च १९१३ ला, म्हणजे राजा परत जाऊन वर्ष उलटल्यावर. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांनी पायाचा दगड बसवला. नकाशा केला जॉर्ज विटेट या स्कॉटलंडच्या वास्तुविशारदानं. तो बरोबर एक वर्षानं, ३१ मार्च १९१४ ला मंजूर झाला. मुंबईतलं जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, ज्याला आज आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, तेही याच विटेटचं काम. गेटवेपासून ते चालत जाण्याइतकं जवळ आहे.

पण नकाशा झाला म्हणून काम सुरू होत नाही, हे आपल्याला घरकुलावरून माहीत आहे. आधी समुद्र मागं हटवावा लागला. भर टाकून जमीन केली, समुद्राला भिंत घातली. ते काम चार-पाच वर्षं चाललं. पाया पुरा व्हायला १९२० उजाडलं. कमान बांधून झाली १९२४ मध्ये आणि ४ डिसेंबर १९२४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी तिचं उद्घाटन केलं. राजा उतरला त्याला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. ज्या बाळाचं बारसं राजा आला तेव्हा झालं असेल, ते बाळ तोवर शाळेत सातवीला गेलं असतं.

कमानीची उंची आहे २६ मीटर, म्हणजे आठ मजली घराएवढी. घुमट रुंदीला सुमारे १५ मीटर. दगड पिवळा बेसाल्ट, आणि सोबत काँक्रीट. बाजूच्या जाळ्या आहेत ना, त्या ग्वाल्हेरहून आणल्या. कमानीचा डौल मुसलमानी बांधणीचा, नक्षीत हिंदू मंदिरांची आठवण, खांबांत आणि जाळ्यांत सोळाव्या शतकातल्या गुजराती इमारतींचा हात. सगळा खर्च आला २१ लाख रुपये आणि त्यातला बहुतेक भारत सरकारनं, म्हणजे त्या वेळच्या इंग्रज सरकारनं केला.

हे सांगितल्यावर आमच्या गटाच्या खजिनदार काकूंनी लगेच विचारलं, "सरकारचे म्हंजे कुणाचे?" हिशेबाची वही सांभाळणारी बाई असा प्रश्न विचारणारच. सरकारचे म्हणजे शेतसाऱ्याचे, मिठाच्या कराचे, रयतेचे. राजासाठी दार, पण दाराचा खर्च रयतेकडं.

आणखी एक गोष्ट काकूंना फार आवडली. या कमानीसमोरून शहरात जाणारा एक मोठा सरळ रस्ता करायचं ठरलं होतं. पैसे पुरले नाहीत, तो रस्ता झालाच नाही. म्हणून आजही समोरच्या रस्त्याला गेटवे सरळ येत नाही, जरा कोनात दिसतो. काकू म्हणाल्या, "म्हंजे इंग्रजाचा पण शेवटचा हप्ता थकला म्हणा की."

कमानीवर, खूप उंचावर, इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत. आज्जींनी विचारलं, "काय लिवलंय तिथं?" आम्ही वाचून सांगितलं की राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी हिंदुस्थानात उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली, आणि खाली रोमन आकड्यांत १९११ साल. आज्जींनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "आले कवा ते लिवलंय. गेले कवा, ते न्हाई का लिवलं?"

मैत्रिणींनो, इतिहासाच्या पुस्तकात असा प्रश्न कुणी विचारत नाही. पण त्याचं उत्तर आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तरी गोऱ्या पलटणी एका दिवसात गेल्या नाहीत. त्या टप्प्याटप्प्यानं निघाल्या. शेवटची पलटण होती सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. २८ फेब्रुवारी १९४८ ला ती याच कमानीखालून संचलन करत गेली आणि जहाजात बसली. निरोप देताना भारतीय सैन्यानं त्यांना गेटवेचीच चांदीची लहान प्रतिकृती भेट दिली. ज्या बंदरावर राजा उतरला, तिथूनच इंग्रजांचं शेवटचं सैन्य परत गेलं. वरच्या दगडावर त्याचा उल्लेख नाही, पण या दाराचा खरा मोठा दिवस तोच.

आम्ही हे सांगत होतो, सगळ्या कान देऊन ऐकत होत्या. समुद्राचा वारा होता, घारापुरीला जाणाऱ्या बोटी धक्क्याला लागत होत्या, फोटोवाले 'ताई फोटो, ताई फोटो' करत होते. तारीख ऐकल्यावर आज्जी बोटं मोजू लागल्या. मग म्हणाल्या, "अठ्ठेचाळीसचा फेब्रुवारी म्हंजे पोलीस ॲक्शनच्या आधी. तवा तर आमची आई रझाकाराच्या भ्यानं बार्शीकडं पळाली हुती. मोठा भाऊ पाटीत, डोक्यावर. मग हे गोरे हितनं गेले, तवा आमचं काय हुतं?"

आम्ही अकरा जणी त्या दारात उभ्या होतो आणि आमच्याकडं त्या प्रश्नाला एका वाक्याचं उत्तर नव्हतं. कारण उत्तर असं आहे की त्या दिवशी आपण स्वतंत्र नव्हतो.

नव्या पोरींना हे सांगावं लागतं. शाळेत १५ ऑगस्टला झेंडा लागतो, १७ सप्टेंबरलाही लागतो, पण का लागतो हे पुष्कळ जणींना नीट माहीत नसतं. आपला जिल्हा तेव्हा इंग्रजांच्या मुलखात नव्हता. तो हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांचा थेट कारभार आपल्याकडं फार थोडा काळ झाला, १८५३ ते १८६० अशी सात वर्षं. तेव्हा कर्नल मेडोज टेलर नावाचा अधिकारी नळदुर्गला राहून कारभार बघायचा. १८६० ला हा मुलूख परत निजामाकडं गेला. म्हणून आपल्या आज्ज्यांच्या गोष्टींत गोरा साहेब फारसा येत नाही. येतो तो निजाम, त्याचा अंमलदार आणि रझाकार.

निजामाचं नाणं वेगळं होतं, त्याला हाली सिक्का म्हणत. इंग्रजांच्या रुपयाला आपल्याकडं कलदार म्हणायचे. जुन्या बायांच्या तोंडी अजून कधीतरी 'कलदार' येतं, ते तिथून आलं. टपालाची तिकिटं वेगळी, सैन्य वेगळं, रेल्वे वेगळी. कारभाराची भाषा उर्दू. सोलापूर-बार्शीकडं इंग्रजांचा मुलूख, अलीकडं निजामाचा. बार्शीला लेक दिली तर ती दुसऱ्या राज्यात जायची, समजा.

आता एक साल लक्षात ठेवा, १९११. याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडचा राजा पालवा बंदरावर उतरला. आणि याच वर्षी ऑगस्टमध्ये मीर उस्मान अली खान हैदराबादच्या गादीवर बसले. सातवे निजाम, आणि शेवटचे. त्यांच्याच नावावरून आपल्या धाराशिवला उस्मानाबाद हे नाव मिळालं. त्या डिसेंबरातल्या दिल्ली दरबाराला ते स्वतः हजर होते. म्हणजे एकाच वर्षाचे दोन राजे. एकाच्या नावानं मुंबईत दार झालं, दुसऱ्याच्या नावानं आपलं गाव झालं. आणि इंग्रजांचं राज्य आणि निजामाचं राज्य संपलं साधारण वर्षभराच्या अंतरानं, एकाच दिवशी नाही. आपली गोष्ट त्या अंतरातली आहे.

१९४७ ला इंग्रज जाताना संस्थानिकांना भारतात किंवा पाकिस्तानात सामील होण्याची मुभा होती. निजामांनी भारतात सामील व्हायला नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकारबरोबर एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. तोवर लोकांचा लढा पेटला होता. त्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्ट १९४७ लाच अटक झाली. हे स्वामीजी आपल्याला परके नाहीत. लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा गावच्या राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक होते, तिथं त्यांनी पोरं घडवली. आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, तो लातूरला वकिली करायचा. लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. म्हणजे लढ्याची दोन्ही टोकं आपल्या मातीत होती.

रझाकारांच्या धाकानं हद्दीवरची गावं ओस पडू लागली. माणसं बार्शीकडं, सोलापूरकडं गेली. हद्दीपलीकडं लढणाऱ्यांचे कॅम्प उभे राहिले. आज्जींची आई पाटीत पोर घेऊन पळाली, ती याच वेळी. मुंबईत गोऱ्या पलटणीला निरोपाची सलामी दिली जात होती आणि आपल्याकडं बाया रात्रीच्या अंधारात शेतातून हद्द ओलांडत होत्या.

२८ फेब्रुवारी ते १७ सप्टेंबर १९४८. आम्ही परतीच्या गाडीत दिवस मोजले. दोनशे दोन दिवस. आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून मोजले तर तीनशे नव्याण्णव. एवढ्या उशिरानं आपल्या दारात स्वातंत्र्य आलं.

गेटवेवरून निघण्याआधी आम्ही समोरच्या बागेत गेलो. तिथं छत्रपती शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. २६ जानेवारी १९६१ ला तो बसवला. तुळजापूरच्या आईचे भक्त म्हणून आम्हाला तर ते घरचेच. सगळ्यांनी हात जोडले. विकून उरलेली कवड्यांची एक माळ एकीच्या गळ्यात होती. ती म्हणाली, "ताई, ही कवडी पण समुद्रातलीच ना? मग ही आधी हितं आली आसंल अन् मग तुळजापूरला." खरंच आहे. कवडी म्हणजे समुद्रातल्या एका गोगलगायीचं कवच. जुन्या काळी मालदीवच्या बेटांवरून जहाजांनी कवड्या यायच्या आणि देशभर नाण्यासारख्या चालायच्या. आपला जिल्हा समुद्रापासून किती लांब, पण आईच्या आराधिनीच्या गळ्यात समुद्र आहेच.

मग फोटोवाल्याकडून फोटो काढून घेतला. अकरा जणी, मागं गेटवे. आज्जी मधोमध.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. गेटवे बघायला तिकीट लागत नाही. पिशव्यांची तपासणी होते, त्यामुळं थोडंच सामान घ्या. घारापुरीची लेणी बघायची असतील तर बोट गेटवेवरूनच मिळते, पण सोमवारी लेणी बंद असतात. आणि समोरचं ताजमहाल हॉटेल गेटवेपेक्षा जुनं आहे, ते १९०३ चं. २००८ च्या नोव्हेंबरात तिथं अतिरेक्यांनी हल्ला केला होता, तेव्हापासून तिथला बंदोबस्त कडक आहे. पोलिसांशी हुज्जत घालू नका, ते आपल्यासाठीच आहेत.

घरी आलो. पुढच्या महिन्याच्या बैठकीत आज्जींनीच विषय काढला. म्हणाल्या, "मुंबईचं दार बघितलं. आपलं दार कुठं हाय, ते बघायचं न्हाई का?" आम्ही विचारलं, आपलं दार कुठलं? त्या म्हणाल्या, "फौज नळदुर्गावरनं आली म्हणत्यात."

आज्जींचं खरं होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौजा सोलापूरहून निघाल्या. मेजर जनरल जे. एन. चौधरी त्यांचे प्रमुख. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर पहिला अडथळा होता नळदुर्गचा. तिथं बोरी नदीवर पूल आहे. तो पूल निजामाच्या फौजेनं उडवला असता तर सगळंच अडलं असतं. भारतीय फौजेनं इतक्या झपाट्यानं चाल केली की पूल शाबूत हाती लागला. मग दुसऱ्या शीख पलटणीनं नळदुर्गवर हल्ला केला. त्याच दिवशी दुसरी तुकडी तुळजापुरात शिरली, तिथं दोन तास चकमक झाली. दुपारपर्यंत फौज उमरग्याला पोचली. दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, उस्मानाबाद शहरात रस्त्यारस्त्यांत रझाकारांशी लढाई झाली आणि शहर ताब्यात आलं. १७ सप्टेंबरला निजामांनी युद्धबंदी जाहीर केली. पाच दिवसांत सगळं संपलं. सरकारी भाषेत त्याला पोलीस कारवाई म्हणतात, आपल्याकडं बाया अजूनही 'पोलीस ॲक्शनचं साल' म्हणतात आणि त्यावरून पोरांची वयं मोजतात.

तेव्हा आम्ही नळदुर्गला गेलो. या वेळी एकवीस जणी. किल्ला तर तुम्ही पाहिलाच असेल. बोरी नदीच्या कवेत बसलेला, काळ्या दगडाचा. मुंबईचा पिवळा दगड आणि नळदुर्गचा काळा दगड, दोन्ही बेसाल्टच. आत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं १६१३ च्या सुमारास बांधलेला पाणी महाल. नदीला बांध घातला आणि बांधाच्या पोटातच बसायला दालन केलं. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. आपण आत कोरड्या उभ्या आणि समोर पाण्याचा पडदा. गेटवे बांधायच्या तीनशे वर्षं आधी आपल्याकडं पाण्याच्या काठावर, नव्हे पाण्याच्या पोटात अशी इमारत झाली होती. आपण मुंबईचं दार बघायला एवढ्या लांब जातो आणि घराजवळच्या ह्या इमारतीला किती वेळा येतो, हे आम्हाला तिथं लाज वाटून कळलं.

पाणी महालातून वर आल्यावर बुरजावर बसून आम्ही डबे सोडले. आज्जी आईची गोष्ट पुन्हा सांगत होत्या, सगळ्या ऐकत होत्या. आमच्या गटात एक चाची आहेत. शिवणकाम करतात, गटाचं कर्ज कधी एक दिवस थकवत नाहीत. त्या मुंबईलाही आल्या होत्या, आणि तिथंही त्या साल अठ्ठेचाळीसचं बोलणं निघालं तेव्हा त्या समुद्राकडं बघत राहिल्या होत्या. आता त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडं फौज आली अन् भ्या गेलं. आमच्याकडं भ्या तवा सुरू झालं."

सगळ्यांच्या हातातला घास थांबला.

चाची म्हणाल्या, "माझी दादी रझाकार नव्हती. दादा पण नव्हता, तो पिंजारी, गाद्या भरायचा. पण फौजेच्या मागनं माणसं आली गावात. दादीला अन् तीन लेकरांना शेजारच्या पाटलीणबाईनं बळदात लपवलं. चार दिवस. वरनं ज्वारी ओतली. दादा घरी आला न्हाई."

मैत्रिणींनो, हे कुणी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही नंतर वाचलं. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या समितीला त्या वेळी हैदराबाद राज्यात पाठवलं होतं. पोलीस कारवाईनंतर सामान्य मुसलमान कुटुंबांवर जे अत्याचार झाले, त्यांची त्या समितीनं माहिती घेतली. सगळ्यात जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी आपल्या जिल्ह्याचं नाव घेतलं. बाकीचे तीन गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. रझाकारांनी केलं ते खरं. आणि रझाकार नसलेल्यांनी ते भोगलं, तेही खरं. एक खरं सांगायला दुसरं लपवायची गरज नाही.

आज्जी उठल्या आणि चाचींच्या शेजारी जाऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "तुझी दादी बळदात, अन् माझी आई बार्शीच्या वाटंला. दोघी पळाल्याच की." मग त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी मोडून चाचींच्या हातावर ठेवली. पुढं कुणी काही बोललं नाही.

आम्हाला तेव्हा गेटवेवरची अक्षरं आठवली. तिथं आलेल्या राजाराणीचं नाव आहे, तारीख आहे. त्या कमानीचा दगड वाहणाऱ्या माणसांची नावं नाहीत, समुद्र हटवणाऱ्यांची नाहीत, पालवा बंदरावर जाळी टाकणाऱ्या कोळणींची नाहीत. मोठी दारं मोठ्यांचीच नावं सांभाळतात. आपल्या आयांची, आज्ज्यांची, दादींची नावं कुठल्या दगडावर येणार नाहीत. ती आपल्यालाच लिहून ठेवावी लागतील. आणि वेळ थोडा आहे. ज्यांनी ते साल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्या आता नव्वदीच्या घरात आहेत. बहुतेक गेल्याही.

म्हणून आमच्या गटानं एक ठराव केला आहे. आपल्या प्रत्येक गटाकडं इतिवृत्ताची वही असते. बैठकीला कोण हजर, किती बचत जमा, कुणाला किती कर्ज, ते आपण त्यात लिहितो. त्या वहीची शेवटची दहा पानं आम्ही मोकळी सोडली आहेत. दर बैठकीत एका घराची गोष्ट त्यात लिहायची. त्या साली तुमच्या घरातल्या बाया कुठं होत्या, काय खाल्लं, कुणी आसरा दिला, कोण परत आलं नाही. हिंदूंच्या घरची, मुसलमानांच्या घरची, वस्तीवरची, तांड्यावरची. भांडायला नाही, फक्त लिहून ठेवायला. बळदात लपवणाऱ्या पाटलीणबाईचं नाव चाचींना माहीत आहे. पहिल्या पानावर ते आलं आहे. खाली चाचींच्या दादाचं नाव आहे, आणि आज्जींच्या आईचं.

तुमच्या गटातही असं करता येईल. १७ सप्टेंबरला गावात झेंडा लागेल तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. ती म्हणेल, "मला काय ठावं." तरी थांबा. चहा द्या. ती सांगेल.

आमच्या गटाच्या खोलीत आता दोन फोटो शेजारी शेजारी लावले आहेत. एक गेटवेचा, अकरा जणींचा. दुसरा नळदुर्गच्या बुरजावरचा, एकवीस जणींचा. त्यात आज्जी आणि चाची जवळ जवळ बसल्या आहेत. नव्यानं गटात येणारी कुठलीही पोर विचारते, हे काय आहे? मग आम्ही तिला सांगतो. देशाचं दार तिकडं आहे. आपल्या घराचा उंबरा हा, इथं. आणि तो ओलांडताना कुणाकुणाचे पाय रक्ताळले, ते या वहीत आहे, वाच.

पुढच्या आठवड्यात याच वेळी पुन्हा भेटू. तोवर काळजी घ्या, बचतीचा हप्ता वेळेवर भरा, आणि आज्जीला विचारायला विसरू नका. नमस्कार.